घरातील नॅसवरील माहितीचा बॅकअप : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२५

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज दुपारी वहिनींनी नॅसवरील (म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, सर्वांच्या फाइली ठेवणाऱ्या डिस्कच्या उपकरणावरील) थोडी जागा मोकळी केली आणि त्यातून हे काम निघाले. अप्पांच्या सोलापूरच्या नवी पेठेतील फोटो स्टुडिओच्या निगेटिव्हचे स्कॅन जेथे ठेवलेले आहेत, तेथे ‘दुसऱ्या पेटीतील निगेटिव्ह’ या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसत होते. एका नावाचे दोन फोल्डर म्हणजे चुकून झालेली नक्कल असणार, असे कोणालाही वाटले असते. वहिनींनाही तसेच वाटले आणि त्यांनी त्यातला एक काढून टाकला. संध्याकाळी मी पाहिले, तेव्हा उरलेल्या फोल्डरमध्ये ४१२ स्कॅन होते आणि काढून टाकलेल्या फोल्डरमध्ये त्यांहून अगदी वेगळे ३८८ होते. नॅसवर रिसायकल बिनची सोय चालू असल्यामुळे ते सर्व परत मिळाले. ती सोय मी विचारपूर्वक चालू केलेली नव्हती, उपकरण घेतले तेव्हापासून ती तशीच चालू होती. त्यामुळे त्याचे श्रेय घेण्यात अर्थ नाही.

नॅसमध्ये ४ टीबीच्या दोन डिस्क २०१९ पासून रेड-१ पद्धतीने जोडलेल्या आहेत, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. ‘बॅकअप आहे ना?’ असे दादा विचारीत तेव्हा ‘दोन डिस्क आहेत’ हे उत्तर मी सहा वर्षे देत आलो. आज ते उत्तर किती पोकळ होते हे कळले, कारण फाइल काढून टाकण्याची आज्ञाही दोन्ही डिस्कवर तितक्याच तत्परतेने पाळली जाते. एक डिस्क बिघडली तर दुसरीवर काम चालू राहावे, एवढ्यापुरतीच ही जोडणी असते. चुकून पुसलेली फाइल, माहिती कुलूपबंद करणारा खंडणीखोर प्रोग्रॅम, चोरी, आग किंवा विजेचा दणका यांपैकी कशावरही तिचा उपयोग नाही.

एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर मुळात असूच शकत नाहीत, मग ते दिसले कसे, हे कोडे मात्र आज सुटलेले नाही.

१२ फेब्रुवारी

काय जपायचे आहे याची मोजणी केली. अप्पांचे काम बहुतांशी १२० क्रमांकाच्या फिल्मवर, ६ × ६ सेंटिमीटरच्या चौकटीत झालेले आहे. अशी एक चौकट ३२०० डीपीआयला, १६ बिटच्या करड्या छटांत स्कॅन केली की साधारण १०० एमबीची टिफ फाइल होते. अशा ६,२०० फाइल आहेत आणि त्यांनी ६२० जीबी जागा व्यापलेली आहे. घरातील सर्वांचे फोटो आणि व्हिडिओ ५४० जीबी आहेत. दादा टॉवेल आणि चादरींसाठी जॅकार्डची (विणीतच उमटणाऱ्या नक्षीची) डिझाइन करून देतात, त्या फाइल २२ जीबी. घराची, शेताची आणि विम्याची कागदपत्रे ९ जीबी. उरलेले ४३० जीबी म्हणजे पुन्हा कधीही मिळवता येतील असे चित्रपट आणि प्रोग्रॅम, आणि ते मी या कामातून आजच वगळले. एकूण १.६२ टीबीपैकी सुमारे १.१९ टीबी आणि ४८,३१६ फाइल जपायच्या आहेत.

मोजताना असे दिसले की सर्वांत लहान ढीग सर्वांत नाजूक आहे. अप्पांच्या मूळ निगेटिव्ह पत्र्याच्या पेट्यांत अजून शाबूत आहेत, त्यामुळे वेळ पडली तर पुन्हा दोन वर्षे खपून स्कॅन करता येतील. दादांच्या डिझाइनचे तसे नाही. पूर्वी डिझाइन आलेखाच्या कागदावर रंगवले जाई, त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते छिद्रले जात, आणि कागद हरवला तरी पत्त्यांची माळ कारखान्यात टांगलेली असे. आता माग थेट फाइल वाचतो. फाइल गेली तर विणलेल्या टॉवेलावरून एकेक घर मोजत बसण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आराखडा ठरवला. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम मी पायाभूत धरला आहे : माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. आमच्याकडे याचा अर्थ असा होईल की पहिली प्रत नॅसवर, दुसरी घरातच यूएसबी डिस्कवर आणि तिसरी पुण्याला ताईंकडे. डिझाइन आणि कागदपत्रे यांची चौथी प्रत इंटरनेटवर भाड्याच्या जागेत ठेवायची.

त्याआधी नॅसवरच स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या त्या वेळची स्थिती जपण्याची सोय, चालू केले. आमच्या नॅसची फाइल-व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, बीटीआरएफएस आहे. तिच्यात बदललेला भाग जुन्याच्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिला जातो, त्यामुळे कालची स्थिती जपण्यासाठी आधी काहीच नकलावे लागत नाही, फक्त जुने भाग पुसायचे थांबवावे लागते. रोजचे १४ आणि आठवड्याचे ८ स्नॅपशॉट राहतील असे ठरवले आहे. गेल्या रविवारसारखा प्रसंग पुन्हा आला तर दोन मिनिटांत निस्तरता येईल. तरीही स्नॅपशॉट त्याच दोन डिस्कवर राहतात, म्हणून त्यांना मी प्रतींमध्ये धरलेले नाही.

राउटरही तपासला. नॅसचे प्रवेशपान बाहेरच्या इंटरनेटला उघडे होते. बहुधा उपकरणानेच राउटरला विनंती करून ते उघडून घेतले असावे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या प्रोग्रॅमने क्यूनॅप या कंपनीच्या नॅसवरील फाइली पासवर्ड घातलेल्या सेव्हन-झिपच्या गठ्ठ्यांत कोंडून खंडणी मागितली होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने पुन्हा तोच प्रकार केला. त्याच्या मधल्या काळात, जून २०२१ मध्ये, डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या माय बुक लाइव्ह या जुन्या उपकरणांवरील माहिती लोकांच्या घरात बसल्याजागी पुसली गेली. या सर्वांत सामाईक गोष्ट एकच, की उपकरण थेट बाहेरून गाठता येत होते. आमचे दार आज बंद केले. पुतण्याला पुण्याहून फोटो पाहता येणार नाहीत म्हणून त्याची कुरकुर झाली; त्याच्यासाठी पुढे व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित वाटेची, सोय करीन.

२२ फेब्रुवारी, शनिवार

४ टीबीची, स्वतःचा अडॅप्टर असलेली यूएसबी डिस्क आणली. जोडल्यावर ती ३.६३ टीबी दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या. दुकानदाराशी भांडण्याचे कारण नाही.

डिस्कवर कोणती फाइल-व्यवस्था घालावी यावर मी जवळजवळ दिवसभर घालवला. डिस्क मुळात एक्सफॅटमध्ये येते आणि ती कोणत्याही लॅपटॉपला लावली की वाचता येते, हा मोठाच फायदा आहे. परंतु एक्सफॅटमध्ये हार्ड लिंक (डिस्कवरील एकाच फाइलीला आणखी एक नाव देणे) करता येत नाही आणि माझी सगळी योजना हार्ड लिंकवर उभी आहे. आरसिंक या प्रोग्रॅमला मागील प्रत कोठे आहे हे सांगितले, तर तो दर आठवड्याला तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करतो. न बदललेल्या फाइलींची नक्कल न करता मागील आठवड्याच्या फाइलीकडेच दुसरे नाव रोखतो. प्रत्येक तारखेचा फोल्डर उघडला की संपूर्ण दिसतो, पण जागा मात्र फक्त बदललेल्या फाइलींचीच लागते. म्हणून डिस्क ईएक्सटी-४ केली. वहिनींच्या विंडोज लॅपटॉपला ती थेट लावता येणार नाही, हे नुकसान पत्करले आहे. त्यांना ती नॅसमार्फत, फक्त वाचण्याच्या परवानगीने दिसेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सातला पहिली पूर्ण प्रत सुरू केली. मोठ्या टिफ फाइली सेकंदाला ९० ते ९५ एमबी वेगाने जात होत्या; घरगुती फोटोंपाशी आल्यावर वेग निम्म्याहून खाली आला, कारण हजारो लहान फाइली उघडण्याबंद करण्यातच वेळ जातो.

साडेअकराला लाईट गेली. नॅस यूपीएसवर असल्यामुळे चालू राहिला, राउटर चालू राहिला आणि पडद्यावर त्रुटींच्या ओळींमागून ओळी येऊ लागल्या. नव्या डिस्कचा अडॅप्टर मी काल हाताला येईल त्या साध्या बोर्डात खोचला होता, त्यामुळे लिहिणारा नॅस चालू आणि ज्यावर लिहायचे ती डिस्क बंद, अशी अवस्था झाली. पाऊण तासाने लाईट आल्यावर डिस्क तपासून घेतली. फाइल-व्यवस्था शाबूत असल्याचा निर्वाळा मिळाला. अडॅप्टर यूपीएसवर घेतला आणि आरसिंक पुन्हा चालवला. आधी गेलेल्या फाइली त्याने ओलांडल्या, उरलेल्या पूर्ण केल्या आणि दुपारी साडेतीनला कोणतीही त्रुटी न दाखवता तो थांबला. मी समाधानाने जेवलो.

रात्री आज्ञावलीत दोन पहारे घातले. नॅसवरील मूळ फोल्डर काही कारणाने जोडलेला नसेल आणि नकलेला ‘मुळात नसलेले पुसून टाक’ असे सांगितलेले असेल, तर रिकाम्या मुळाबरहुकूम सगळी नक्कल पुसली जाऊ शकते. याउलट, यूएसबी डिस्क जोडलेली नसेल, तर तिच्या नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे नॅसच्याच पोटात, नक्कल सुरू होते आणि नॅसची आतली जागा भरून जाते. दोन्हीकडे ‘येथे आहे’ नावाची एक छोटी फाइल ठेवली आहे. त्या दोन्ही सापडल्याशिवाय काम सुरूच होणार नाही.

३ मार्च

कोडे सुटले, आणि ते मराठीच्या पोटात दडलेले निघाले.

‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा आडवा काढतो, तो संगणकात तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात ऱ हे नुक्त्यासह (खालच्या ठिपक्यासह) एकच अक्षर असते आणि त्याला हलन्त जोडलेला असतो. दुसऱ्यात साधा र आणि नुक्ता ही दोन चिन्हे वेगवेगळी असून पुढे हलन्त येतो. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात, मात्र फाइल-व्यवस्था अक्षरांचे रूप न पाहता त्यांचे बाइट, म्हणजे ती ज्या आकड्यांत साठवलेली असतात ते आकडे, पाहते, म्हणून तिच्या लेखी ही तीन निरनिराळी नावे आहेत. वहिनींना दिसलेल्या दोन फोल्डरांपैकी एक मी इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहिला होता, ज्यात ऱ साठी स्वतंत्र कळ आहे. दुसरा पूर्वी एका ध्वन्यात्मक कळफलकावरून लिहिला गेला होता आणि त्यात अदृश्य जोडचिन्ह होते.

शोध घेतला तेव्हा तिसरा प्रकारही सापडला. पुतण्याच्या जुन्या मॅकवरील एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावे सुटी करून साठवते, म्हणजे ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करते. त्याने तेथून आरसिंकने पाठवलेल्या फोल्डरांत ते तुकडे तसेच आले होते. आरसिंकला नावांचे रूपांतर करण्यास सांगता येते, पण ते सांगावे लागते हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

सुट्या तुकड्यांची नावे कॉन्व्हएमव्ही या प्रोग्रॅमने जोडून घेतली. युनिकोडच्या (संगणकात सर्व लिपींची अक्षरे साठवण्याच्या सामाईक पद्धतीच्या) नियमांनुसार ऱ आणि र-अधिक-नुक्ता हे समतुल्य आहेत, त्यामुळे हे काम यांत्रिक आहे. अदृश्य जोडचिन्हाच्या प्रकाराला मात्र तो नियम लागू होत नाही; त्यासाठी नावांत बदल करणारी छोटी आज्ञावली स्वतः लिहावी लागली, आणि ज्या दोन फोल्डरांची नावे बदलानंतर खरोखरच एक होणार होती त्यांना आधी ‘अ’ आणि ‘आ’ अशी शेपटे लावावी लागली. ‘कोऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘नवऱ्या’, ‘चौथऱ्या’ : अप्पांच्या मथळ्यांत हा र किती ठिकाणी येतो हे मला प्रथमच जाणवले. वधूवरांचे आणि देवळांचे फोटो काढणाऱ्याला त्याच्यावाचून गत्यंतर नव्हते.

याचा परिणाम असा होणार की नाव बदललेल्या फाइली आरसिंकला नव्या वाटतील आणि येत्या रविवारी सुमारे १३० जीबी पुन्हा नकलले जाईल. ते चालेल.

५ मार्च

नावांचाच विषय पुढे चालू. घरातून डिस्क चोरीला गेली तर कागदपत्रे उघडी पडू नयेत म्हणून नॅसवरील फोल्डर कुलूपबंद करण्याचा विचार होता. आमच्या नॅसवर ते काम ईक्रिप्टएफएस ही प्रणाली करते आणि त्यात फाइलीचे नाव १४३ बाइटपेक्षा मोठे चालत नाही. एरवीची मर्यादा २५५ बाइट आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, त्यांत काना, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार हेही स्वतंत्रपणे मोजले जातात; म्हणजे १४३ बाइटमध्ये मराठीची जेमतेम ४७ चिन्हे बसतात. अप्पा निगेटिव्हच्या पाकिटावर जे लिहीत तेच आम्ही फाइलीचे नाव म्हणून ठेवले आहे. ‘सिद्धेश्वर यात्रा 1978 नंदीध्वज मिरवणूक बाळीवेस दुसरा दिवस’ हे नाव, त्यातील इंग्रजी आकडे आणि शेवटचे टिफचे शेपूट धरून, १५६ बाइटचे होते. अशी नावे काही शेकडा आहेत. ती तोडण्यास दादा तयार नाहीत आणि मीही नाही. कुलूप नॅसवर न घालता घराबाहेर जाणाऱ्या प्रतीवर घालायचे ठरले.

१६ मार्च, रविवार

पुण्याच्या प्रतीसाठी दुसरी डिस्क घेतली आणि रेस्टिक हे बॅकअपचे सॉफ्टवेअर वापरले. रेस्टिक माहितीचे तुकडे करून, ते कुलूपबंद करून साध्या फाइलींच्या गठ्ठ्यांत ठेवते, आणि एकसारखा तुकडा दुसऱ्यांदा आला तर तो पुन्हा साठवत नाही. मूळ नावे गठ्ठ्यांच्या आत बंद असल्यामुळे बाहेरच्या डिस्कवर एक्सफॅट असले तरी चालते, आणि त्यामुळे ही डिस्क विंडोज लॅपटॉपलाही लावता येते. नॅसमध्ये २ जीबीच रॅम असल्यामुळे हे काम लॅपटॉपवरून, वायफाय बंद करून आणि तार जोडून केले. १.१९ टीबीचे १.०८ टीबी झाले; लग्नांचे अल्बम घरात किती जणांनी पुन्हा पुन्हा उतरवून घेतले होते त्याचा हा हिशेब. सहा तास लागले.

पासवर्ड विसरला तर रेस्टिकमधील माहिती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही, बनवणाऱ्यांकडेही नाही. तो कागदावर लिहून एक प्रत विम्याच्या फाइलीत आणि एक ताईंसाठी वेगळ्या पाकिटात ठेवली. डिस्क आणि पाकीट एकाच पिशवीतून जाणार नाही, एवढी काळजी घेतली आहे.

२२ मार्च, शनिवार

हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन डिस्क ताईंच्या कपाटात ठेवून आलो. प्रवासभर ती टॉवेलात गुंडाळून मांडीवर होती. ताईंना पाकीट दिले आणि ते डिस्कपासून दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितले; त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले.

३१ मार्च

इंटरनेटवरील प्रत. आमच्या जोडणीचा बाहेर पाठवण्याचा वेग मोजला तर ३८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला पावणेपाच एमबी भरतो. सगळे १.१९ टीबी पाठवायचे तर अखंड सुमारे ७० तास लागतील. वेळ मोठा नाही. दरमहाचे भाडे खटकते, कारण ते कायमचे आहे. डिझाइन, कागदपत्रे आणि दादांनी निवडलेले ५०० स्कॅन मिळून ८१ जीबी पाठवले. पाच तासांत गेले. यासाठी रेस्टिकच वापरले आणि साठवणुकीच्या जागेवर ‘ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणे’ ही सोय चालू केली, जेणेकरून घरचा लॅपटॉप एखाद्याच्या ताब्यात गेला तरी तेथून ही प्रत पुसता येऊ नये.

२० एप्रिल, रविवार

उन्हाने आणखी एक काम लावले. नॅस माळ्यावर, म्हणजे थेट गच्चीच्या स्लॅबखाली आहे, आणि काल दुपारी दुसऱ्या डिस्कचे तापमान ५४ अंश दाखवीत होते. बऱ्याच डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. दर महिन्याला सर्व माहिती वाचून पडताळण्याचे काम नॅसने दुपारी दोनला लावून घेतले होते, सोलापूरच्या एप्रिलमध्ये याहून वाईट वेळ सापडली नसती. ते पहाटे चारला लावले. नॅस खाली, मधल्या खोलीत आणला; तेथे संध्याकाळी ४४ अंश भरले.

तापमान पाहण्याच्या निमित्ताने स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिची, इतर नोंद वाचली. त्यात १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे नीट वाचता न आलेले आणि निर्णयासाठी तिष्ठत ठेवलेले भाग दाखवणाऱ्या ओळीत, दुसऱ्या डिस्कपुढे ८ हा आकडा होता. तो शून्य असावा लागतो.

४ मे, रविवार

दोन आठवड्यांत ८ चे २४ झाले, म्हणून ती डिस्क बदलली. नवी घेताना ती सीएमआर, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांशेजारी सुटे लिहिणारी, आहे याची खात्री करून घेतली. एसएमआर प्रकारात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात आणि अखंड लिहिताना तिचा वेग फार पडतो, त्यामुळे रेडची फेरजोडणी लांबते. आमच्या फेरजोडणीला साडेआठ तास लागले. त्या काळात उरलेली एकमेव डिस्क, जी जुन्या डिस्कच्या जोडीनेच आणलेली आणि तितकीच वापरलेली आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जात होती. ती मध्येच बसली असती तर पुढचे सर्व घरच्या यूएसबी डिस्कवर आणि ताईंच्या कपाटावर अवलंबून राहिले असते. फेब्रुवारीआधी ही वेळ आली असती, हा विचार मी दिवसभर टाळत होतो.

१ जून, रविवार

परत मिळवण्याची चाचणी. मी हात लावायचा नाही आणि बोलायचे नाही, या अटीवर वहिनींनी केली. मी लिहिलेला दोन पानी कागद त्यांच्याकडे होता.

पहिले काम घरच्या डिस्कवरून एक स्कॅन परत आणण्याचे होते, ते चार मिनिटांत झाले. दुसरे, ६ एप्रिलला डिझाइनचा फोल्डर जसा होता तसा आणण्याचे, तेही झाले. तारखांचे फोल्डर पाहून ‘हे तर कॅलेंडरच आहे’ असे त्या म्हणाल्या. तिसऱ्या कामासाठी नॅस जळाला असे समजून तो बंद केला आणि इंटरनेटवरील प्रतीतून कागदपत्रे त्यांच्या लॅपटॉपवर उतरवायची होती. येथे कागद फसला. ‘माउंट’ (दूरची साठवणूक आपल्या संगणकावर ड्राइव्हसारखी जोडणे) म्हणजे काय हे मी कोठेच सांगितलेले नव्हते. पासवर्डमधील शून्य त्यांनी तीन वेळा इंग्रजी ओ म्हणून वाचले, आणि माझ्या हस्ताक्षरात ते तसेच दिसते. उतरवायची जागा म्हणून मी माझ्या लॅपटॉपवरील फोल्डरचे नाव दिले होते, जो त्यांच्याकडे नाही. शेवटी एक तास पन्नास मिनिटांनी ९ जीबी उतरले. प्रत्यक्ष उतरण्यास त्यांतील वीस मिनिटेही लागली नाहीत.

संध्याकाळी मी घरच्या डिस्कवरील कोणत्याही २०० फाइलींचे एसएचए-२५६ ठसे (फाइलीतील मजकुरावरून काढलेले, मजकूर जरा बदलला तरी बदलणारे आकडे) मुळाशी ताडून पाहिले. २०० पैकी २०० जुळले.

७ जून, शनिवार

२०० फाइलींवर मन भरेना, म्हणून काल रात्री आरसिंकला संपूर्ण मजकूर वाचून तुलना करायला लावले. एरवी तो फक्त फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. दोन्ही जुळले तर आत डोकावतही नाही. सकाळी यादीत तीन फाइली होत्या. तिन्ही टिफ, तिन्हींचा आकार बरोबर, वेळही बरोबर. उघडून पाहिल्या तेव्हा फोटोचा वरचा भाग नीट होता आणि खाली, एकात निम्म्यापासून आणि दोहोंत तळाच्या पट्ट्यात, निव्वळ काळे होते.

तिन्ही २३ फेब्रुवारीला अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटांच्या पुढे नकललेल्या आहेत. माझा तर्क असा, की डिस्कच्या यूएसबी जोडणीने ‘लिहिले’ असे नॅसला कळवले तेव्हा माहिती प्रत्यक्षात तिच्या तात्पुरत्या स्मृतीत होती, आणि लाईट गेल्यावर ती तेथेच विरली. नाव, आकार आणि वेळ नोंदवले गेलेले असल्यामुळे त्या दुपारी आरसिंकने या फाइली पूर्ण झाल्या असे मानून ओलांडल्या. पुढील प्रत्येक रविवारी त्याने तसेच केले. हार्ड लिंकमुळे १५ तारखांचे १५ फोल्डर दिसतात, पण त्यांतील न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच आहे. म्हणजे ती एकदा बिघडली की पंधराही ठिकाणी तीच बिघडलेली फाइल निघते. ४८,३१६ मध्ये तीन, त्यामुळे २०० च्या नमुन्यात त्यांपैकी एक सापडण्याचा संभव सव्वा टक्काच होता.

नॅसवरील मूळ तिन्ही शाबूत आहेत. ताईंकडील प्रत नॅसवरूनच केलेली असल्याने तीही शाबूत असावी. पुढच्या खेपेस ती डिस्क संपूर्ण वाचून तपासीन. बिघडलेल्या फाइली आज नव्याने नकलल्या आणि त्या जुन्या १५ फोल्डरांतही त्याच जागी बसवल्या. संपूर्ण तुलना यापुढे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री आपोआप होईल आणि लाईट गेल्याची नोंद यूपीएसने केली असेल तर त्याच रात्रीही होईल.

१४ जून, शनिवार

कागद नव्याने लिहिला, या वेळी वहिनींनी. माझे वाक्य वाचून त्यांना जे समजले ते त्यांनी आपल्या शब्दांत उतरवले आणि ‘माउंट’च्या जागी ‘आभासी ड्राइव्ह दिसेपर्यंत थांबा’ असे लिहिले. पासवर्ड बदलून त्यात शून्य, ओ, एक आणि एल यांपैकी काहीही ठेवले नाही. कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक विम्याच्या फाइलीत, एक नॅसच्या खाली चिकटवलेली, एक ताईंसाठी.

ताईंकडील डिस्क सोलापुरात आणली तर तितके दिवस घराबाहेर पूर्ण प्रत राहणार नाही, म्हणून त्याच मापाची आणखी एक डिस्क आज भरून तयार केली. ६ जुलैला आषाढी आहे; ताई पंढरपूरहून परतताना येथे येतील आणि ही डिस्क, नवा कागद आणि नवे पाकीट घेऊन जातील. तोपर्यंत पुण्यात आहे ती प्रत १६ मार्चची आहे, आणि तिचा पासवर्ड जुनाच, शून्य असलेला.